पुढच्या गाडीचा भरवसा

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात नवी गाडी घेण्याचा विचार ज्या दिवशी प्रथम मोठ्याने बोलला जातो, त्या दिवसापासून दारातली जुनी गाडी बिघडू लागते. वस्तुतः त्या रात्रीत गाडीत काहीच घडलेले नसते. फरक पडलेला असतो तो ऐकणाऱ्यांच्या कानांत. गतिरोधकावरून उतरताना पुढच्या डाव्या चाकापाशी वर्षानुवर्षे होणारा आणि गाण्यांचा आवाज वाढवून आजवर यशस्वीपणे दुरुस्त केला गेलेला खडखडाट आता ‘सस्पेन्शनचे काम निघाले’ या निदानापर्यंत जाऊन पोहोचतो; क्लच जरा वर लागतो हे घरातल्या सर्वांना एकाच आठवड्यात जाणवते; आणि ज्या एसीने गेल्या मे महिन्यात सोलापूरपर्यंत साथ दिली, तो ‘पहिल्यासारखा राहिला नाही’ असे एकमताने ठरते. निर्णय आधी होतो आणि कारणे मागाहून गोळा होतात, हे लक्षात घेतले म्हणजे पुढच्या सहा महिन्यांत घरात जे संशोधन चालते त्याचे खरे स्वरूप समजू लागते.

या संशोधनाचे पहिले वैशिष्ट्य असे, की त्यात पुढच्या गाडीची निवड क्वचितच होते आणि मागच्या गाडीचे खंडन मात्र सविस्तर होते. मागची गाडी एसी लावून कशेडी घाट चढताना धापा टाकत असेल, तर पुढच्या गाडीला टर्बो हवा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारी पंख्यांची योजना हवी, असा ठराव होतो. त्या टर्बोने सातव्या वर्षी आपल्या खर्चाचा आकडा दाखवला, की तिसरी गाडी ‘साध्या इंजिनाची’ घेतली जाते. आणि ती साधी गाडी पुन्हा घाटात मागे पडू लागली, की चौथ्या गाडीच्या वेळी टर्बोचा पक्ष नव्याने मांडला जातो. कशेडीला आता बोगदा झाला आहे, परंतु युक्तिवादातला घाट अजून तसाच आहे. एखाद्या कुटुंबाने तीस वर्षांत घेतलेल्या गाड्या ओळीने उभ्या केल्या, तर त्यांतून वाहनांच्या प्रगतीपेक्षा त्या घरातल्या वादांचा इतिहास अधिक स्पष्टपणे वाचता येतो.

ज्या गुणासाठी हा सारा खटाटोप चालतो, त्या विश्वासार्हतेला अभियांत्रिकीत नेमका अर्थ आहे. दिलेल्या परिस्थितीत, दिलेल्या मुदतीपर्यंत, एखादे यंत्र न बिघडता आपले नेमून दिलेले काम करील याची शक्यता, म्हणजे त्या यंत्राची विश्वासार्हता होय. ही शक्यता आहे, खात्री नव्हे, हे व्याख्येतच नमूद असले तरी शोरूमच्या सोफ्यावर बसलेल्या गृहस्थाला हवी असते ती खात्रीच, आणि तीही शक्यतो लेखी. विश्वासार्हतेच्या शेजारी आणखी दोन गुण नांदतात. यंत्र पार निकामी होईपर्यंत एकंदर किती काळ चालेल, हा झाला टिकाऊपणा; आणि बिघडल्यावर ते किती लवकर, किती स्वस्तात व कोणाकडून नीट होईल, ही झाली दुरुस्तीची सोय. तिन्ही गुण परस्परांपासून स्वतंत्र असून एकाच गाडीत ते एकत्र असतीलच असे नाही. घरगुती चर्चेत मात्र ‘गाडी दणकट आहे’ या एका वाक्यात तिघांचा निकाल लागतो.

या गोंधळाचे मूळ कुर्ल्यात आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तेथील कारखान्यात बनणारी फियाट, जिचे पुढे प्रीमियर पद्मिनी असे नामकरण झाले, ती आजही घरातल्या ज्येष्ठांच्या तोंडी दणकटपणाचे प्रमाण म्हणून येते. व्याख्येची पट्टी लावून पाहता तिची विश्वासार्हता बेताचीच म्हणावी लागेल. थंडीच्या सकाळी चोक ओढून तिची मनधरणी करावी लागे, आणि खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून रेडिएटरात पाणी ओतत उभ्या असलेल्या कुटुंबांची रांग हा प्रवासाचा नियोजित टप्पा मानला जाई. परंतु तिचा टिकाऊपणा दांडगा होता आणि दुरुस्तीच्या सोयीत तिला तोड नव्हती, कारण पान्यांची पिशवी आणि थोडी रग असलेला कोणताही मनुष्य तिचा फिटर होऊ शकत असे. बिघडण्याची शक्यता भरपूर, पण दुरुस्त न होण्याची शक्यता जवळजवळ शून्य, अशी ही गाडी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. आणि तेव्हाही ती यंत्र थकले म्हणून गेली नाही, तर टॅक्सीला असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून रीतसर सेवानिवृत्त झाली.

त्या काळात गाडीच्या विश्वासार्हतेची चिकित्सा होत नव्हती याचे कारण लोक भाबडे होते हे नव्हे. परवाना पद्धतीमुळे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असल्याने ‘कोणती गाडी’ हा प्रश्न ‘कधी गाडी’ या प्रश्नाखाली दबून गेला होता. डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि किल्ली फिरवल्यावर गाडी रोज सुरू होते, ही कल्पना हळूहळू देशभर रूढ झाली. जुन्या पिढीतल्या जाणकारांना ती प्रथम पचली नाही. ज्या गाडीचे बॉनेट महिनोन्‌महिने उघडावे लागत नाही, तिच्या मालकाला गाडीतले काही कळत नसणार, अशी शंका त्यांनी बराच काळ बाळगली, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती.

बिघाडांचा अभ्यास करणाऱ्यांनी यंत्राच्या आयुष्याचा जो आलेख मांडला आहे, त्याला त्याच्या आकारावरून ‘बाथटब वक्र’ असे म्हणतात. बादली-तांब्यावर वाढलेल्या वाचकांसाठी त्याचा आकार सांगणे आवश्यक आहे. डावीकडे उंच काठ, मध्ये लांबच लांब सपाट तळ आणि उजवीकडे पुन्हा चढत जाणारा काठ, असे त्याचे रूप असते. डावा काठ म्हणजे नवेपणातले बिघाड, जे जुळणीतल्या चुका आणि सदोष सुटे भाग यांतून उद्भवतात. तळ म्हणजे मधली वर्षे, ज्यांत बिघाड कमी व योगायोगाने होतात. उजवा काठ म्हणजे झीज. ‘नवे मॉडेल पहिल्या वर्षी घेऊ नये’ हे जे घराघरांतून सांगितले जाते, ते या डाव्या काठाचेच लोकज्ञान होय. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात मांडली गेलेली आणि पुण्यात तयार होणारी टाटा इंडिका हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पहिल्या गाड्यांविषयी तक्रारी आल्या, कंपनीने त्या मनावर घेतल्या, २००१ मध्ये ‘व्ही-टू’ ही सुधारलेली आवृत्ती आणली, आणि ज्यांनी अभिमानाने पहिली घेतली होती त्यांना दुसरी घेणाऱ्या शेजाऱ्याचे समाधान पुढे कित्येक वर्षे पाहावे लागले. देशाभिमानाला थोडा धीर धरता आला तर त्याचे ॲव्हरेज सुधारते.

वक्राच्या सपाट तळाशी मात्र घरच्यांचे विशेष जमत नाही. काहीच बिघडत नाही, याचा अर्थ काहीतरी मोठे निघणार आहे, असा बहुतेकांचा समज असतो. आणि सात-आठ वर्षांनी, अद्याप तळावरच पहुडलेली गाडी ‘आता काम काढायला लागेल’ या धास्तीने विकली जाते. विसाव्या वर्षी इंजिन कसे असेल यावर ज्यांनी तीन रविवार खर्ची घातले, त्यांच्यापैकी विसाव्या वर्षापर्यंत ती गाडी ठेवणारे विरळाच.

पुरावा कोठून मिळवायचा हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत १९३६ मध्ये स्थापन झालेली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही ग्राहकसंस्था आपल्या सभासदांकडून त्यांच्या गाड्यांच्या बिघाडांची माहिती घेऊन दरवर्षी प्रसिद्ध करते, तर जे. डी. पॉवर ही १९६८ मध्ये स्थापन झालेली दुसरी संस्था दर शंभर गाड्यांमागे मालकांनी किती अडचणी नोंदवल्या ते मोजते. या दुसऱ्या मापनातली गंमत अशी, की मोबाइल गाडीच्या पडद्याशी जोडला न जाणे हीही एक अडचण आणि गिअरबॉक्स बसणे हीही एक अडचण, असा त्यात समभाव आहे. त्यामुळे अलीकडच्या काळात तक्रारींच्या यादीत इंजिनापेक्षा टचस्क्रीनचाच वरचष्मा असतो. मराठी कुटुंबात हे अहवाल सहसा थेट वाचले जात नाहीत; ते न्यू जर्सीतल्या भाच्यामार्फत येतात. भाच्याचे मत एका वाक्याचे असते: ‘मामा, डोळे झाकून टोयोटा घे.’ या सल्ल्यातले अर्धे, म्हणजे डोळे झाकण्याचे काम, मामा इमानेइतबारे पार पाडतात आणि छोट्या टोयोटाच्या शोधात ग्लांझापाशी येऊन थांबतात, जी २०१९ मध्ये बाजारात आली आणि जी मूलतः मारुती सुझुकीची बलेनो आहे. त्या वेळी एकाच गाडीवर एका शोरूममध्ये दोन वर्षे व ४०,००० किलोमीटरची, तर दुसऱ्या शोरूममध्ये तीन वर्षे व १ लाख किलोमीटरची हमी मिळत होती. तेव्हा बोधचिन्ह बदलल्याने पिस्टनचे आयुर्मान वाढते काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या कक्षेत जातो. मामांच्या मते वाढते.

परदेशी अहवालाहून जवळचा पुरावा साडूचा. साडूने कोणती गाडी घेतली आणि ती कशी चालली, यावर जेवढे निर्णय अवलंबून असतात तेवढे अपघात-चाचण्यांवर अवलंबून नसतात. साडूची गाडी चांगली चालली असेल, तर तीच घेणे मानहानीचे; आणि वाईट चालली असेल, तर त्या कंपनीच्या सर्व गाड्या वाईट ठरवणे आनंदाचे. साडूच्या खालोखाल वजन असते ते काकांच्या जुन्या फियाटला, जी ‘आजही एका किल्लीत सुरू होते’. येथे नमुना निवडीचा एक प्रसिद्ध दोष डोकावतो, ज्यात केवळ टिकून राहिलेल्यांकडे पाहून सर्वांविषयी मत बनवले जाते. काकांची फियाट लग्नकार्याला येते म्हणून दिसते. तिच्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या ज्या बहिणी भंगारात गेल्या, त्या लग्नाला येऊ शकत नाहीत, आणि म्हणून ‘त्या काळच्या गाड्यांना काही होत नसे’ हा सिद्धांत मांडवात निर्विवाद मान्य होतो.

घरात हिंजवडीला नोकरी करणारा मुलगा किंवा सून असेल, तर या टप्प्यावर एक्सेलची शीट अवतरते. विश्वासार्हतेला अमुक गुण, मायलेजला तमुक, सुरक्षिततेला, डिकीच्या जागेला, सर्व्हिस सेंटरच्या अंतराला आणखी काही, आणि प्रत्येक निकषाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे भार, अशी तिची रचना असते. पहिल्या फेरीत ज्या गाडीवर मन बसलेले असते ती तिसरी येते. मग भारांचा ‘पुनर्विचार’ होतो. आणि दोन-तीन पुनर्विचारांनंतर योग्य ती गाडी पहिली आली, की शीट वस्तुनिष्ठ झाली असे मानून तिची प्रत कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर पाठवली जाते. त्यावर आत्याचा प्रतिसाद येतो, की रंग पांढरा घ्यावा.

तथापि अंतिम पीठ मेकॅनिकचेच. त्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: ‘तुमच्याकडे कामाला सगळ्यांत जास्त कोणती गाडी येते?’ प्रश्न चतुर वाटतो. परंतु अपूर्णांकातला छेद विसरून अंशावरच बोट ठेवण्याचा यापेक्षा चांगला नमुना पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. रस्त्यावर जी गाडी सर्वाधिक आहे तीच गॅरेजात सर्वाधिक येणार, आणि जी कोणी घेतच नाही ती कधीच येणार नाही. या न्यायाने भारतातली सर्वांत भरवशाची गाडी रोल्स-रॉईस ठरते, कारण पेठेतल्या कोणत्याही गॅरेजात ती बिघडून आल्याची नोंद नाही. मेकॅनिकला हे बहुधा ठाऊक असते. तो हात पुसतो, बॉनेटखाली पाहतो आणि म्हणतो, ‘घ्या की साहेब, चांगली आहे, पण सगळं सेन्सरवर आहे.’ या विधानातला पूर्वार्ध होकार म्हणून आणि उत्तरार्ध नकार म्हणून घरी नेता येत असल्यामुळे दोन्ही पक्ष समाधानाने परततात.

‘सगळं सेन्सरवर’ या आक्षेपाला थोडे थांबून न्याय दिला पाहिजे, कारण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत विश्वासार्हतेचे स्वरूपच त्यामुळे पालटले आहे. इंजिनाचे तापमान, आत येणारी हवा, बाहेर जाणाऱ्या धुरातला प्राणवायू, असे सर्व काही मोजणारी छोटी उपकरणे म्हणजे सेन्सर; त्यांच्याकडून आलेली माहिती पाहून इंधन किती व केव्हा सोडायचे हे ठरवणारा संगणक म्हणजे गाडीची नियंत्रण पेटी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण निकषांनंतर या मंडळींची संख्या आणखी वाढली. त्यांच्यामुळे इंजिने पूर्वीपेक्षा स्वच्छ व दीर्घायुषी झाली, हे खरेच. पण पूर्वीची गाडी आवाज, वास आणि धूर यांच्या द्वारे तक्रार करीत असे, तर आताची गाडी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लावून गप्प बसते. मग स्टिअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनर खुपसला जातो, एक कोड निघतो, त्याचा अर्थ मोबाइलवर शोधला जातो आणि अखेरीस कोड ‘डिलीट’ केला जातो. दिवा विझतो. बिघाड दुरुस्त होणे आणि बिघाडाची बातमी बंद होणे यांतला भेद पुढच्या दिव्यापर्यंत स्थगित राहतो.

प्रत्यक्ष शोरूममधल्या परीक्षणात या कशाचाही उपयोग होत नाही, कारण तेथील पद्धत निराळी आहे. कुटुंबप्रमुख गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, थांबतो, आणि कलिंगडवाल्यापुढे उभे राहिल्याप्रमाणे बोटांच्या पेरांनी बॉनेटवर दोनदा टकटक करून कान देतो. ‘पत्रा पातळ आहे,’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा ठरलेलाच असतो. मग दार उघडून जोराने लावले जाते आणि ‘धप्प’ असा भरीव आवाज आला, तर गाडी मजबूत ठरते. आधुनिक गाडीचा पुढचा भाग धडकेत मुद्दाम चेपला जाईल अशाच रीतीने बनवलेला असतो, जेणेकरून धक्का माणसांपर्यंत पोहोचण्याआधी पत्र्यातच जिरावा; बळकटी असते ती माणसे बसतात त्या पिंजऱ्याच्या खांबांत, ज्यांवर कोणीही टकटक करीत नाही. राहिला दाराचा आवाज. तो दारात चिकटवलेले कंपशोषक थर, रबरी पट्ट्या आणि कुलपाची रचना यांतून अभियंत्यांनी बेतून घडवलेला असतो. ग्राहक दार लावून गाडीची परीक्षा घेत असतो तेव्हा त्या अभियंत्यांनी ग्राहकाची परीक्षा आधीच घेतलेली असते.

मायलेजचा आकडाही असाच एका टेकडीवरून येतो. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, जिच्या नावाने कोथरूडकर आपली प्रभातफेरीची टेकडी ओळखतात, ती गाड्यांना प्रमाणपत्र देते. चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाके रुळांवर जागच्या जागी फिरतात, समोर पंखा चालू असतो, एसी बंद असतो, वेग ठरलेल्या आलेखाप्रमाणे कमीजास्त होतो आणि ९० किलोमीटरच्या वर जात नाही. सर्व गाड्यांना समान अट असल्यामुळे परस्परतुलनेला हा आकडा उपयोगी आहे. पण कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता तो मिळत नाही म्हणून कंपनीला दूषणे देणारा गृहस्थ, त्याच टेकडीवर रोज सकाळी चालायला जात असतो.

व्याख्येतल्या ‘दिलेल्या परिस्थितीत’ या शब्दांकडे आता वळले पाहिजे, कारण मराठी मुलखातली परिस्थिती कोणत्याही प्रयोगशाळेने अद्याप पुरती दिलेली नाही. कोकणात दमट खारी हवा पत्र्याला खालून खाते, सबब रत्नागिरीच्या गाडीचे वय वर्षांत न मोजता पावसाळ्यांत मोजण्याची रीत आहे. शहरांत ज्यांना क्लचचा कंटाळा आला ते ऑटोमॅटिक घेतात; त्यांत नेहमीच्याच गिअरबॉक्सला क्लच दाबणारा यांत्रिक हात बसवलेला प्रकार स्वस्त व दुरुस्तीला सोपा, तर दोन क्लच आळीपाळीने लावणारा प्रकार चपळ; पण हे दोन क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडवलेले असतील, तर रखडत चाललेल्या वाहतुकीत ते तापतात. चपळाईसाठी जादा पैसे मोजून ती गाडी सिंहगड रस्त्यावर तासभर दहाच्या वेगाने चालवणे, हा नागरी जीवनातला एक सर्वमान्य उपक्रम होऊन बसला आहे.

इथेनॉलचा प्रश्न तर थेट उसाच्या फडात जातो. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरते, आणि जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागण्याची शक्यता सरकारनेही मान्य केली आहे. सांगली-कोल्हापूरकडचा ऊस उत्पादक सभासद कारखान्याच्या वार्षिक सभेत डिस्टिलरीची क्षमता वाढवावी असा आग्रह धरतो आणि सभेहून परतताना पंपावर थांबून ‘हल्ली पेट्रोलमध्ये दम राहिला नाही’ अशी तक्रार करतो, तेव्हा विश्वासार्हतेचे अर्थशास्त्र एका व्यक्तीत पूर्ण होते.

परंतु जागतिक सर्वेक्षणांनी ज्याची सर्वांत मोठी उपेक्षा केली आहे, तो घटक उंदीर होय. पावसाळ्यात बिळे पाण्याने भरली, की उबेच्या शोधात तो बॉनेटखाली शिरतो, इंजिनावरच्या आच्छादनात संसार थाटतो, आणि वाढते दात झिजवण्यासाठी हाताशी असलेल्या वायरी कुरतडतो. पिवळ्या दिव्यांच्या अनेक गूढ कथांचा उलगडा अखेर एका अर्धवट तुटलेल्या वायरीपाशी आणि चार लेंड्यांपाशी होतो. त्यावर डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पाने, फवारे, जाळ्या, रात्री बॉनेट उघडे ठेवणे, असे उपाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये निष्ठेने केले जातात, आणि तंबाखूची पाने टांगलेल्या बॉनेटला हातभर अंतरावरून ओळखता येते. गणपतीने आपल्या वाहनाची निवड करताना दीर्घकालीन विश्वासार्हतेचा विचार केला असावा, याविषयी संशय उरत नाही. शतकानुशतके तेच मॉडेल चालू असून त्याच्या तोंडून इतरांची वाहने बंद पडतात.

गाडी टिकली तरी कंपनी टिकेल का, ही शंका आता चर्चेत हक्काने येते, आणि ती अनाठायी नाही. नव्वदच्या दशकात कल्याणला बनणारी प्युजो ३०९ अल्पायुषी ठरली. तळेगावला कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. या कंपन्यांच्या गाड्या त्यामुळे रातोरात वाईट झाल्या नाहीत, पण त्यांच्या मालकांकडे पाहण्याची समाजाची दृष्टी त्या दिवसापासून सांत्वनाची झाली. अशा मालकाचा एक आधार म्हणजे नाना पेठ. सुट्या भागांच्या त्या बाजारात ‘ओरिजिनल’, ‘ओरिजिनलसारखा’ आणि ‘ओरिजिनलपेक्षा भारी’ अशा तीन प्रती ऐकायला मिळतात, आणि चौथ्या दुकानदाराने ‘उद्या या’ म्हटले म्हणजे भाग जगात कोठेतरी अस्तित्वात आहे, एवढे तरी कळते.

इतक्या मंथनातून अखेर जी गाडी घेतली जाते ती बहुतेक वेळा तीच असते जी गल्लीतल्या इतर चौघांनी घेतलेली आहे, आणि यात हास्यास्पद वाटावे असे वस्तुतः काही नाही. ग्राहकाला न बिघडणारी गाडी हवी असते असे वरवर दिसते. खरे पाहता त्याला हवा असतो असा निर्णय, ज्यावरून बोलणी बसणार नाहीत. सर्वांनी घेतलेली गाडी बिघडली तर दोष नशिबाला लागतो, रस्त्यांना लागतो, फार तर महापालिकेला लागतो; पण सर्वांचा विरोध पत्करून आगळी गाडी घेतली आणि तिचे नुसते वायपर जरी कुरकुरले, तरी दोष घेणाऱ्याच्या अकलेला लागतो, आणि तो गाडी विकल्यानंतरही फिटत नाही. बिघाडाचा खर्च विमा, हमी आणि हप्ते यांत विभागता येतो. ‘मी तेव्हाच म्हणत होते’ या वाक्यावर मात्र कोणत्याही कंपनीचे संरक्षण उपलब्ध नाही.

संरक्षणावरून आठवते ती वाढीव हमी. गेले पंधरा दिवस ‘या गाडीला काही होतच नाही, सर’ असे शपथेवर सांगणारा विक्रेता, बुकिंगचा धनादेश हाती पडताच खुर्ची पुढे ओढतो आणि चौथ्या वर्षी स्टिअरिंगची मोटर गेली तर किती खर्च येतो, नियंत्रण पेटी जळली तर किती येतो, हे कळवळ्याने सांगू लागतो. त्याच्या दोन्ही विधानांवर एकाच बैठकीत विश्वास ठेवून कुटुंब पैसे भरते, आणि दसऱ्याची डिलिव्हरी ठरते.

उरते जुन्या गाडीची विक्री. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि ज्या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले त्यात तो अग्रभागी होता. विक्रेत्याला गाडीचे सारे ठाऊक असते, घेणाऱ्याला काहीच नसते, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना वाईट धरून भाव पाडतो आणि चांगल्या गाडीचे मालक बाजारातून अंग काढून घेतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मराठी विक्रेत्याची अवस्था याहून गुंतागुंतीची असते, कारण सहा महिने जिच्या दोषांची यादी केली तीच गाडी जाहिरात टाकल्याच्या क्षणापासून त्याला मनापासून निर्दोष वाटू लागते. ‘सिंगल हँड, शोरूम सर्व्हिस, इंजिनाला अजून हात लावलेला नाही,’ हे तो खोटे म्हणून सांगत नाही. इस्लामपूरहून आलेला गिऱ्हाईक आपला मेकॅनिक बरोबर घेऊन येतो. तो चालू इंजिनावरचे ऑइलचे झाकण काढून धूर येतो का पाहतो, डिपस्टिक ओढून बोटांत तेल चोळतो, दारांचे रबर उचलून वेल्डिंगचे ठिपके तपासतो आणि काहीच न सापडल्यामुळे अधिकच संशयी होतो. मग गिऱ्हाईक विचारतो, ‘एवढी चांगली आहे तर काढताय कशाला?’ यावर घरातून तीन माणसे एकदम तीन निरनिराळी उत्तरे देतात. व्यवहार पाच हजारांवर अडतो आणि सीटकव्हरे व म्युझिक सिस्टिम गाडीबरोबर देण्यावर मिटतो. डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा काढून घेतला जातो. तो नव्या गाडीत जायचा असतो, आणि तेथे टचस्क्रीन मध्येच उभा असल्यामुळे मूर्ती चिकटवायला सपाट जागाच ठेवलेली नाही, हे घरी आल्यावर लक्षात येते.